गाळा तुमचा, पण भाडे देणार कोण?

‘हमखास परतावा’ या दोन शब्दांवर भाळून दिल्ली, नॉयडा आणि गुडगाव परिसरात असंख्य मध्यमवर्गीयांनी दुकानांचे गाळे आणि कार्यालयाच्या जागा घेतल्या. त्यांच्या अनुभवातून महाराष्ट्रातल्या गुंतवणूकदारांनीही बरेच काही शिकण्यासारखे आहे.

रविवारची सकाळ. चहाचा कप बाजूला ठेवून काका वर्तमानपत्र उलगडतात, तर पहिल्या पानावर बातम्यांऐवजी पानभर जाहिरात. काचेची चकचकीत इमारत, समोर कारंजे आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर : ‘आज गुंतवा, पुढच्या महिन्यापासून भाडे सुरू. १२ टक्के परताव्याची हमी.’ मुलगा गुडगावला नोकरीला आहे. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम नुकतीच बँकेत जमा झाली आहे. काका म्हणतात, “अगं, ऐकलंस का? बँकेत ठेवण्यापेक्षा नॉयडात एक गाळा घेऊन टाकू. भाडंही येईल आणि मालमत्ताही होईल.”

पोळ्या लाटता लाटता काकू विचारतात, “इमारत बांधून झाली आहे का?”

“नाही, तीन वर्षं लागतील.”

“मग गाळाच नाही तर भाडं कोण देणार आणि कशाचं?”

असा संवाद कुठल्याही घरात होऊ शकतो. काकूंचा प्रश्न भाबडा वाटतो खरा, पण याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दिल्लीत लोकांना न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागली आहे.

हमीचे पैसे येतात कुठून?

ज्या जागेचा पायाही भरलेला नाही तिला भाडेकरू मिळणे शक्य नाही. मग गुंतवणूकदाराला दरमहा येणारा धनादेश कुठून येतो? बांधकाम व्यावसायिक तो आपल्या खिशातून देतो आणि त्या खिशात पैसे असतात गुंतवणूकदारांचेच. ग्राहकाकडून किमतीचा मोठा हिस्सा एकरकमी घ्यायचा, त्यातूनच काही रक्कम दरमहा त्याला परत करायची आणि उरलेल्या पैशांवर बांधकाम चालवायचे, अशी ही योजना असते. बँकेकडून कर्ज घ्यायचे तर तारण द्यावे लागते, तपासणी होते. इथे जाहिरातीवरच काम भागते. म्हणजे नाव ‘भाडे’ असले तरी हा व्यवहार कर्जाचा आहे. त्यात कर्ज देणारा असतो निवृत्त शिक्षक किंवा कारकून आणि घेणारा असतो बिल्डर.

ही गोष्ट ग्रेटर नॉयडातील एका प्रकरणात अगदी स्पष्टपणे पुढे आली. ए. एम. आर. इन्फ्रास्ट्रक्चर्स या कंपनीच्या प्रकल्पांत एका कुटुंबाने सदनिका, दुकान आणि कार्यालयाची जागा घेतली होती. ताबा मिळेपर्यंत दरमहा ठरावीक परतावा देण्याचे कंपनीने कबूल केले होते. काही काळ पैसे आले, मग बंद झाले. कुटुंबाने नादारी व दिवाळखोरी संहितेखाली दाद मागितली. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने जानेवारी २०१७ मध्ये अर्ज फेटाळला. हा साधा खरेदी-विक्रीचा व्यवहार आहे, अर्जदार कंपनीचे वित्तीय धनको ठरत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते.

अपिलात मात्र चित्र पालटले. जुलै २०१७ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने कंपनीची स्वतःचीच कागदपत्रे पाहिली. कंपनीने आपल्या हिशेबात हा परतावा वित्तीय खर्चात दाखवला होता आणि त्यावरचा प्राप्तिकर व्याज समजून कापला होता. ज्याला कंपनी स्वतःच व्याज समजते ते घेणारा माणूस धनकोच, असा निर्णय झाला. पुढे २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बांधकाम प्रकल्पांत जागा घेणाऱ्या सर्वांनाच वित्तीय धनकोचा दर्जा मिळाला. ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

पण २०२० मध्ये आणखी एक अट आली. आता एकट्या ग्राहकाला असा अर्ज करता येत नाही. त्याच प्रकल्पातील किमान १०० किंवा एकूण ग्राहकांपैकी १० टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तितक्यांनी एकत्र यावे लागते. शिवाय हक्क मिळणे वेगळे आणि पैसे हाती पडणे वेगळे. कंपनीच बुडाली तर धनकोंच्या रांगेत उभे राहून जे मिळेल ते घ्यावे लागते. बिल्डरने दिलेली हमी त्याच्या तिजोरीइतकीच भक्कम असते, ही गोष्ट जाहिरातीत कुठेही छापलेली नसते.

कागदावरचे गणित

समजा, गाळ्याची किंमत ५० लाख रुपये आहे आणि परतावा १२ टक्के. म्हणजे महिन्याला ५० हजार, वर्षाला ६ लाख आणि तीन वर्षांत १८ लाख रुपये. ऐकायला छान वाटते. आता त्याच रस्त्यावर तयार असलेला, भाडेकरू बसलेला तेवढाच गाळा केवढ्याला मिळतो याची चौकशी करा. तो ३५ लाखांना मिळत असेल, तर बिल्डरने किमतीत १५ लाख आधीच चढवून ठेवले आहेत. म्हणजे १८ लाखांपैकी १५ लाख तुमचेच तुम्हाला परत मिळणार आणि खरी कमाई तीन वर्षांत तीन लाख.

तीन वर्षांनंतरचे काय? हमी संपते आणि खरा भाडेकरू शोधावा लागतो. समजा, बाजारभावाने महिन्याला २५ हजार भाडे ठरले. वर्षात दोन महिने जागा रिकामी राहिली तर मिळाले अडीच लाख. त्यातून देखभाल खर्च आणि मालमत्ता कर मिळून ४० हजार गेले, तर उरले २ लाख १० हजार. ५० लाखांवर हे सव्वाचार टक्केही होत नाहीत. त्यावर प्राप्तिकर आहेच. गाळा वर्षभर रिकामा राहिला तर येणे शून्य, पण देखभालीचे बिल मात्र दरमहा न चुकता येते.

मोठे दुकान भाडे का देत नाही?

गाळ्याचे भाडे नेमके कशावर ठरते, याचा अर्थशास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केला आहे. एरिक गुल्ड, पीटर पाशिगियन आणि कॅनिस प्रेंडरगास्ट या तीन अभ्यासकांनी अमेरिकेतील मॉलच्या प्रत्यक्ष भाडेकरारांचा अभ्यास करून २००५ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात आढळलेली गोष्ट सामान्य माणसाला चक्रावून टाकणारी आहे. मॉलमध्ये सर्वात जास्त जागा व्यापणारी मोठमोठी दुकाने बहुतेक वेळा भाडेच देत नाहीत किंवा अगदी नाममात्र देतात. मॉलचा खर्च निघतो तो लहान दुकानांच्या भाड्यातून.

हा अन्याय वाटेल, पण त्यामागे साधा हिशेब आहे. गिऱ्हाईक घराबाहेर पडते ते मोठ्या, नावाजलेल्या दुकानाच्या ओढीने. तिथली खरेदी आटोपल्यावर जाता जाता ते शेजारच्या चपलांच्या, घड्याळांच्या, आइस्क्रीमच्या दुकानांत शिरते. मोठे दुकान दुसऱ्यांचा धंदा वाढवते, म्हणून मालक त्याला सवलत देतो आणि ती सवलत लहान दुकानांकडून वसूल करतो. जत्रेत पाळणेवाल्याला मोक्याची जागा का मिळते, हे ज्याला कळते त्याला हेही कळेल.

मात्र हे साधायचे तर सगळी जागा एकाच मालकाच्या हातात हवी. कोणाला बोलवायचे, कोणाला कुठे बसवायचे, कोणाला काढायचे हे एकाच डोक्याने ठरवले पाहिजे. दिल्ली परिसरात अनेक ठिकाणी नेमके उलटे झाले. २००० नंतर गुडगावच्या महात्मा गांधी रस्त्यावर एकामागून एक मॉल उभे राहिले आणि या पट्ट्याला लोक ‘मॉल माइल’ म्हणू लागले. या काळात राजधानीच्या परिसरातील कितीतरी मॉलमधील गाळे सुटे सुटे विकले गेले. एकाच मजल्यावर पन्नास गाळे आणि पन्नास मालक. प्रत्येकाला आपल्या गाळ्याचे जास्तीत जास्त भाडे हवे. मग मोठ्या दुकानाला सवलत कोण देणार? मोठे दुकान आले नाही, गिऱ्हाईक फिरकले नाही, भाडेकरू निघून गेले आणि अनेक मजले ओस पडले. याउलट दक्षिण दिल्लीत साकेत येथे २००७ मध्ये सुरू झालेल्या सिलेक्ट सिटीवॉकमध्ये गाळे विकण्याऐवजी भाड्याने देण्यात आले, आणि तो मॉल वर्षानुवर्षे गजबजलेला राहिला.

तेव्हा मॉलमधला सुटा गाळा विकत घेताना आपण केवळ चार भिंती विकत घेतो. गिऱ्हाईक त्या किमतीत मिळत नाही.

एक महानगर, अनेक कायदे

दिल्ली, नॉयडा आणि गुडगाव मेट्रोने जोडले गेले असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ती तीन राज्यांतली वेगवेगळी गावे आहेत.

दिल्लीचा कॅनॉट प्लेस घ्या. रॉबर्ट टॉर रसेल यांच्या आराखड्यानुसार १९२९ ते १९३३ या काळात बांधलेला हा भाग जगातल्या महागड्या कार्यालयी भागांच्या यादीत अनेकदा झळकला आहे. पण त्याच पांढऱ्या खांबांमागे असेही जुने भाडेकरू आहेत, ज्यांचे भाडे आजच्या हिशेबाने चहापाण्याचा खर्च वाटावा. याला कारण १९५८ चा दिल्ली भाडे नियंत्रण कायदा. १९८८ च्या दुरुस्तीने दरमहा साडेतीन हजार रुपयांपेक्षा जास्त भाडे असलेल्या जागा त्यातून वगळल्या, परंतु त्याखालचे भाडेकरू संरक्षित राहिले. त्यांचे भाडे तीन वर्षांतून एकदा १० टक्के वाढवता येते, एवढेच.

१९९५ मध्ये संसदेने नवा दिल्ली भाडे कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. पण व्यापारी भाडेकरूंचा विरोध इतका तीव्र होता की तो कायदा कधी अमलातच आला नाही. मालकांना थोडा दिलासा मिळाला तो २००८ मध्ये. स्वतःच्या गरजेसाठी राहती जागाच परत मागता येते, दुकान मागता येत नाही, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. तरीही दिल्लीत जुना भाडेकरू असलेले दुकान ‘स्वस्तात’ मिळत असेल तर ते स्वस्त का आहे, हे आधी ओळखावे. मुंबई-पुण्याच्या वाचकांना पागडीचा अनुभव आहेच. महाराष्ट्राने १९९९ च्या कायद्यात पागडीला मान्यता दिली. दिल्लीच्या कायद्यात मात्र ती निषिद्ध आहे. म्हणजे तिथे पागडी म्हणून मोजलेल्या पैशाला कागदाचा आधार नाही.

नॉयडाची गोष्ट आणखी वेगळी. १९७६ मध्ये वसवलेल्या या नगरात जमीन प्राधिकरणाची असते आणि ती साधारणपणे ९० वर्षांच्या पट्ट्याने दिली जाते. त्यामुळे गाळा ‘विकत’ घेणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात पोटपट्टा येतो, आणि त्यावर प्राधिकरण, बिल्डर आणि ग्राहक अशा तिघांच्या सह्या लागतात. बिल्डरने जमिनीचे पैसे थकवले की प्राधिकरण नोंदणी अडवते. ग्राहकाने स्वतःचा पैसा न पैसा चुकता केला असला तरी त्याच्या नावावर जागा होत नाही. असे अडकलेले प्रकल्प इतके वाढले की अमिताभ कांत यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने समिती नेमली आणि तिने २०२३ मध्ये अहवाल दिला.

जागेच्या वापराचा प्रश्न निराळाच. दिल्लीत निवासी भागातील बेकायदा दुकानांना सील ठोकण्याची मोठी मोहीम २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने झाली. २००७ च्या बृहत् आराखड्याने मिश्र वापराला काही सवलती दिल्या, तरी २०१७ च्या अखेरीस पुन्हा सील लागू लागले. सील लागलेल्या दुकानाचा भाडेकरू भाडे देत नाही आणि मालकाला त्याला दोषही देता येत नाही.

करारातली बारीक अक्षरे

महाराष्ट्रात ‘लीव्ह अँड लायसन्स’ हा शब्द घरोघरी ठाऊक आहे. पण कागदावर ‘लायसन्स’ लिहिले म्हणून काम भागत नाही. याबाबतचा गाजलेला निवाडा दिल्लीतलाच आहे. इम्पीरियल हॉटेलमधील काही जागा केशभूषेच्या व्यवसायासाठी देण्यात आली होती आणि करारात तिला परवाना म्हटले होते. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की हा करार भाडेपट्ट्याचाच आहे. दस्तऐवजाचे नाव कोणतेही असो, जागेचा स्वतंत्र ताबा आणि उपभोग दुसऱ्याला दिला आहे काय, हे पाहिले पाहिजे. आजही असे वाद याच कसोटीवर तपासले जातात.

११ महिन्यांच्या कराराचे रहस्यही कायद्यातच आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी उत्तरेत ११ महिन्यांची युक्ती रुळली. (महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने अशा करारांचीही नोंदणी सक्तीची केली आहे.) पाच-नऊ वर्षांचा करार करून त्याची नोंदणी केली नाही, तर त्यातली मुदत आणि अटी सिद्ध करणे कठीण होते. मग दुकानाची भाडेदारी महिन्या-महिन्याची समजली जाते आणि १५ दिवसांच्या नोटिशीवर ती संपू शकते.

मोठ्या कंपन्या बहुधा नऊ वर्षांचा करार करतात. तीन-तीन वर्षांचे तीन टप्पे आणि प्रत्येक टप्प्याला साधारण १५ टक्के वाढ असा प्रघात आहे. ‘नऊ वर्षांचा करार झालेला गाळा’ असे दलाल सांगतो तेव्हा मालक निश्चिंत होतो. पण बारीक अक्षरांत लिहिलेले असते की ‘लॉक-इन’चा काळ, म्हणजे बहुधा पहिली काही वर्षे, संपल्यावर भाडेकरू नोटीस देऊन केव्हाही जाऊ शकतो. मालकाला मात्र त्याला काढता येत नाही. स्टीव्हन ग्रेनेडियर या अमेरिकन अभ्यासकाने १९९५ मध्ये दाखवून दिले की भाडेकरारातील असा प्रत्येक पर्याय, मग तो निघून जाण्याचा असो वा मुदत वाढवण्याचा, पैशात मोजता येतो आणि भाड्याच्या दरात त्याचा हिशेब धरायला हवा. साध्या भाषेत सांगायचे तर, भाडेकरूला दार उघडे ठेवायचे असेल तर त्याने त्याचे मोल द्यावे. आपल्याकडे मालक बहुधा ते दार फुकट उघडे ठेवतो.

दुसरा रस्ता आहे का?

व्यापारी जागेत पैसे गुंतवायचे पण गाळ्याची कटकट नको, अशांसाठी ‘रीट’ नावाचा मार्ग निघाला आहे. अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याने गेलेल्या इमारती घ्यायच्या आणि येणारे भाडे वाटायचे, अशी ही विश्वस्त संस्था. शेअरप्रमाणे तिचे युनिट बाजारात घेता-विकता येते. सेबीने २०१४ मध्ये त्याचे नियम केले आणि २०१९ मध्ये पहिली रीट बाजारात आली. नियमाप्रमाणे किमान ८० टक्के मालमत्ता बांधून पूर्ण झालेली आणि भाडे देणारी असावी लागते, तसेच वाटण्याजोग्या रकमेपैकी किमान ९० टक्के वाटावी लागते. गुडगाव आणि नॉयडातील कार्यालयांचा समावेश असलेली ब्रुकफील्ड इंडिया रीट २०२१ मध्ये, तर साकेतचा सिलेक्ट सिटीवॉक ज्यात आहे ती नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट २०२३ मध्ये बाजारात नोंदली गेली.

इथेही जोखीम आहेच. युनिटचा भाव चढतो तसा उतरतो आणि कार्यालये रिकामी झाली की वाटपही घटते. इथे कोणी १२ टक्क्यांची हमी देत नाही. पण हमी न देणे हाच कदाचित त्यातला प्रामाणिकपणा आहे.

सही करण्यापूर्वी

ज्यांना गाळाच घ्यायचा आहे त्यांनी निदान एवढे करावे :

• प्रकल्प त्या राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे नोंदलेला आहे का, ते पाहावे. २०१६ चा हा कायदा दुकाने आणि कार्यालयांनाही लागू आहे. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ‘सगळे पैसे आजच द्या, सवलत देतो’ म्हणणाऱ्याला इथेच थांबवावे.

• किंमत चटई क्षेत्रावर काढावी. ‘सुपर एरिया’मध्ये जिना, लिफ्ट आणि मार्गिकाही येतात, त्यात दुकान मांडता येत नाही.

• नॉयडात जमिनीचे हप्ते बिल्डरने भरले आहेत का, याची चौकशी प्राधिकरणाकडेच करावी.

• हमी कोण देत आहे, किती काळ देत आहे आणि ती मोडली तर तारण काय, हे लेखी घ्यावे. दलालाचे तोंडी आश्वासन न्यायालयात चालत नाही.

• त्याच भागातल्या तयार इमारतीत संध्याकाळी एक फेरी मारावी. किती गाळ्यांत दिवे लागले आहेत ते मोजावे. जाहिरातीपेक्षा ही मोजणी अधिक खरे सांगते.

• आणि आयुष्यभराची सगळी पुंजी एकाच गाळ्यात घालू नये. आजारपणात गाळ्याचा एक कोपरा विकता येत नाही.

स्थावर मालमत्तेचे आकर्षण आपल्या रक्तातच आहे. जमीन कुठे पळून जात नाही, असे वडीलधारी सांगत आले आणि ते खरेही आहे. पण भाडे पळून जाऊ शकते, भाडेकरू जाऊ शकतो आणि कधी कधी बिल्डरही. म्हणून पुढच्या रविवारी पानभर जाहिरात समोर आली की आधी काकूंचा प्रश्न विचारावा. गाळाच उभा नाही, मग भाडे कोण देणार आणि कशाचे? याचे नीट उत्तर मिळेपर्यंत धनादेशाच्या पुस्तकाला हात लावू नये.